सतरा नंबरचा फॉर्म आणि अकरा नंबरची मशीन

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. थोरल्या वहिनीचे. आई-वडिलांचे आहेत, शिक्षकांचे आहेत, पण त्या शिक्षकांपर्यंत मला हाताला धरून नेलं ते वहिनींनी.

वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा मी पाचवीत होतो. त्या दहावी पास होत्या. गणितात त्यांना जेवढे गुण पडले होते तेवढे मला पदवीपर्यंत कुठल्याच वर्गात पडले नाहीत. त्यांना पुढं शिकायचं होतं, पण लग्न ठरलं, आणि लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्या भावाबरोबर ऊस तोडायला गेल्या. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. वहिनी आल्या आणि भावाचा कोयता पुरा झाला, एवढाच तेव्हा लोकांनी त्या लग्नाचा हिशेब मांडला.

आई-वडीलही तोडणीला जायचे, गावात मला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून दोन हंगाम मीही फडावर गेलो. पाचटाच्या झोपडीत, आम्ही तिला कोपी म्हणतो, भाकरी खायला बसल्यावर, वहिनी मला मोळ्यांवरून गणितं घालायच्या. एका गाडीत इतक्या मोळ्या, तर तीन गाड्यांत किती. उत्तर चुकलं की रागवायच्या नाहीत, फक्त म्हणायच्या, "परत मोज." तिसऱ्या वर्षी त्यांनी माझ्या वडिलांपुढं पहिल्यांदा तोंड उघडलं. डोक्यावरचा पदर सावरत, जमिनीकडं बघत म्हणाल्या, "ह्याला वस्तीगृहात ठिवा. हा लई हुशार न्हाई, पर चिवट हाय. चिवट पोरगं शिकतंय." त्या वाक्यावर मी बी.एस्सी. झालो.

लोकांसमोर त्या मला भाऊजी म्हणतात, घरात तू. मी दोन्हीकडं त्यांना अहो-जाहो करतो.

मागच्या दसऱ्यानंतरची गोष्ट आहे. वहिनींना बारावीची परीक्षा बाहेरून द्यायची होती. त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. ही कल्पना माझी नव्हती, त्यांचीच होती. किती वर्षं मनात होती ते त्यांनाच ठाऊक. भावाशी बोलणं झालं होतं. भाऊ म्हणाला होता, "फॉर्म भरला तर तू ऱ्हा घरी, मी अर्धा कोयता जातो. न्हाई भरला तर मुकादमाला जोडी म्हणून सांगितलेलंच हाय." टोळीची गाडी तीन दिवसांनी निघणार होती. फॉर्मचा शेवटचा दिवस त्याच्या आधी येत होता. तो एक दिवस हातातून गेला की वहिनी सहा महिने फडावर, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

संगणकावरची माहिती तालुक्याच्या कॉलेजातले बाबूच भरून घेणार होते. वहिनी, त्यांचे मूळ कागद आणि फोटो त्यांच्यासमोर हजर पाहिजेत, एवढंच. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, असं सगळं मी एका निळ्या फाईलमध्ये लावलं होतं. झेरॉक्स आमच्या कामाच्या ठिकाणीच काढायची म्हणून फाईल सकाळी मी बरोबर नेली. ठरलं असं, की वहिनी गावाहून नांदूरघाटमार्गे जीपनं यायच्या, साडेबाराला कॉलेजच्या दारात मी त्यांना भेटायचं, अर्ध्या तासात काम उरकायचं. कार्यालय पाचपर्यंत उघडं असतं, तेव्हा घाई काहीच नव्हती.

आता कामाच्या ठिकाणाबद्दल सांगतो. आमच्या भागात एक पुढारी आहेत, त्यांना सगळे आबा म्हणतात. रस्त्याकडेच्या दोन गाळ्यांत त्यांनी लेझर कटिंगचा धंदा टाकला आहे. कपाटाएवढी मशीन, आडवी ठेवलेली. तिच्या आत लेझरचा किरण अ‍ॅक्रिलिक आणि प्लायवूड कापतो. घरांच्या पाट्या, ट्रॉफ्या, लग्नाच्या स्टेजवरची नावं, असं सगळं त्यावर होतं. मशीन मी चालवतो. पदवी घेऊन दीड वर्ष घरी बसलो होतो तेव्हा आबांनी मला हे काम दिलं. त्याच्याही आधी, वसतिगृहात जागा नाही म्हणून मला परत पाठवलं होतं, तेव्हा वडील आबांच्या दारात जाऊन बसले आणि आबांच्या एका फोनवर जागा झाली. म्हणजे वहिनींनी वाट दाखवली आणि आबांनी दार उघडलं, असं मी स्वतःला सांगत आलो होतो. दोघांचंही देणं लागतो याचा मला अभिमान होता. ही दोन देणी एकमेकांसमोर उभी राहतील असं कधी मनात आलं नव्हतं.

आबांची एक सवय अख्ख्या तालुक्याला माहीत आहे. त्यांचा नंबर अकरा. गाडीच्या पाटीवर शेवटी अकरा अकरा, मोबाईलच्या शेवटी अकरा अकरा, ट्रॅक्टर, टँकर, बुलेट, सगळ्यांवर तेच. नंबर मिळेपर्यंत नवी गाडी महिनाभर ताडपत्रीखाली उभी ठेवलेली मी पाहिली आहे. आमच्याकडं पुढाऱ्याचा नंबर म्हणजे त्याची ओळख, त्यात हसण्यासारखं कुणाला काही वाटत नाही.

त्या दिवशी दीडशे सन्मानचिन्हं कापायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या हस्ते गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होता. डिझाइन सकाळीच हातात आलं. मी ते संगणकावर उघडलं, मशीनकडं पाठवलं, आणि पडद्यावर चौकट आली की मशीन सापडत नाही.

दसऱ्यापासून त्या दिवसापर्यंत मी संगणकावरून काहीच पाठवलं नव्हतं. दिवाळीसाठी लाकडी पणत्यांचं काम सुरू होतं, ते मशीनच्या पोटातच साठवलेलं होतं. पॅनलवरचं बटण दाबलं की ती कापत राहायची. त्यामुळं हा बिघाड कधीपासूनचा आहे, हे मला कळायला मार्ग नव्हता.

मशीन आणि संगणक एका केबलनं जोडलेले असतात. दोघांना एकेक नंबर असतो, घर नंबरासारखा. दोघं एकाच गल्लीतले असतील तरच त्यांचं बोलणं होतं. मशीनचा नंबर झाकणाच्या आतल्या बाजूला स्टिकरवर लिहिलेला होता. मशीन बसवायला आलेल्या माणसानं तो निळ्या पेनानं लिहिला होता, आणि मी त्याच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवली होती, पुसू नये म्हणून. तो नंबर मला पाठ होता, शेवटचे दोन आकडे एक आणि शंभर.

मी दोन्ही बंद करून चालू केले. केबल काढून परत घातली. केबलजवळचा हिरवा दिवा लुकलुकत होता, म्हणजे तार तुटलेली नव्हती. तरी दुसरी केबल लावून पाहिली. संगणकाचं बाहेरचं काही आत येऊ न देणारं संरक्षण बंद केलं. संगणकाचा नंबर तपासला, तो बरोबर होता. मग पडद्यावर मशीनचा नंबर टाकून हाक मारायची आज्ञा दिली. चार हाका मारल्या, चारींना उत्तर नाही. हेच सगळं मी परत पहिल्यापासून केलं. प्रत्येक वेळी चार हाका, आणि चारही वेळा तीच ओळ.

साडेअकराला मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, शांतपणे, एकेक पायरी. त्यानं मशीनचा नंबर विचारला, मी स्टिकरवरून वाचून दाखवला. तो म्हणाला, "पॅनल पे देखा आपने?"

मी म्हणालो, "हां हां, देखा."

पाहिला नव्हता. पॅनलवर तो पाहायला तीन-चार बटणं दाबावी लागतात. पण मी पदवीधर माणूस, माझ्या हाताखालची मशीन, नंबर पाठ. पाहायचं काय त्यात? तो म्हणाला, मग कार्ड जळालं असेल, माणूस पाठवावा लागेल, चार दिवस. त्या "हां हां"चा हिशेब मी अजून करतो.

बाराच्या सुमाराला आबा आले. गाळ्याचं शटर धुळीमुळं अर्धं ओढलेलं होतं, ते वाकून आत आले.

"काय बे इंजिनियर, किती झाल्या?"

"आबा, अजून एक बी न्हाई. कम्प्युटरला मशीन दिसंना."

आबांनी मशीनकडं पाहिलं, संगणकाकडं पाहिलं. "एवढी म्हशीवाणी मशीन हाय, त्याला कावून दिसंना? चष्मा लाव म्हणावं त्याला."

त्यांच्याबरोबरचे लोक हसले. मीही हसलो. मग आबा जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, उद्या पाचशे माणूस येणार हाय. पोरांच्या हातात काय नारळ देऊ का? काम झाल्याबिगर हितून हालू नको. तुझ्यावरच हाय सगळं."

मला बोलायचं होतं की साडेबाराला अर्धा तास कॉलेजवर जाऊन येतो. वाक्य तयार होतं. पण खांद्यावर हात होता, आणि हा हात वडिलांच्या वेळेपासूनचा होता. मी म्हणालो, "व्हय आबा."

आता लिहिताना कबूल करतो. मला कुणी कोंडलं नव्हतं. शटर अर्धं उघडं होतं, मोटारसायकल बाहेर उभी होती, चावी माझ्या खिशात होती. तरी त्या गाळ्यातून बाहेर पाऊल टाकणं मला शक्य वाटत नव्हतं. आत उकडत होतं, कापलेल्या अ‍ॅक्रिलिकचा आंबूस वास कपड्यांना चिकटला होता, आणि मी परत परत त्याच चार हाका मारत होतो.

पाऊण वाजता वहिनींचा फोन आला. "मी कॉलेजपाशी हाय. तू कुठं हायस?"

"आलोच वहिनी. दहा मिनिटं."

दीडला परत आला. "बाबू जेवायला गेलेत. तवर येशील का?"

"दहा मिनिटांत निघतो."

अडीचला आला तेव्हा त्या काही विचारायच्या आधीच मी म्हणालो, "निघालोच." मी मशीनच्या मागं गुडघ्यावर बसून तिसरी केबल लावत होतो.

खरंच प्रत्येक वेळी मला दहा मिनिटंच लागतील असं वाटत होतं. मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला हा रोग असतो. पुढची एक गोष्ट करून बघू, मग उठू. फाईल टेबलावर होती. कुणा रिक्षावाल्याच्या हाती ती पाठवावी, असंही मनात आलं. पण मूळ कागद, हरवले तर? त्यापेक्षा मीच जातो, दहा मिनिटांत.

तीन वाजता शटरखालून वहिनी आत आल्या. कॉलेजपासून चालत आल्या होत्या. चेहरा उन्हानं काळवंडला होता. नव्या साडीच्या निऱ्यांना पांढरी धूळ लागलेली. कुणी नाही असं पाहून म्हणाल्या, "कावून इतका घाबरला हायस? फाईल दे. मी जाते अन् भरून येते. तुझं चालू दे."

इतकं सोपं होतं. मी फाईल उचलली. त्यांच्या हातात ती देत होतो, तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि आबा आत आले.

वहिनींनी पदर पुढं ओढला आणि भिंतीकडं सरकल्या. आबा चांगल्या मनानंच बोलले, ते मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. "या वहिनी, बसा. उभ्या कावून? काय काम काढलं?"

मी सांगितलं. सतरा नंबर, आज शेवटचा दिवस.

"एवढंच व्हय? अन् एवढ्याला बाईमाणसानं उन्हात हेलपाटे घालायचे?" त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "कोण हाय तिथं? आपलीच माणसं हायत." फोन लागला. "हां, नमस्कार. आपल्या इंजिनियरची वहिनी हाय, बारावीचा फॉर्म हाय तिचा. आज जरा जमना. उद्या सकाळी पाठवितो. करून घ्या. हां. हां हां." फोन खिशात गेला. "झालं. उद्या सकाळी जावा, चहा बी पाजतेन."

वहिनी हळूच म्हणाल्या, "आबा, मी आत्ताच जाते की. लांब न्हाई."

"अवो, मी सांगितलंय ना."

त्यात राग नव्हता. फक्त आश्चर्य होतं, त्यांनी फोन केल्यानंतरही कुणी जायचं म्हणतंय याचं. वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. निर्णय माझ्याकडं होता. फाईल अजून माझ्याच हातात होती.

मी म्हणालो, "बसा वहिनी. आबांचा फोन झालाय."

हे वाक्य आबांचं नव्हतं. माझं होतं. ज्या फोननं मला वसतिगृहात जागा मिळाली तो फोन माझ्यासाठी देवाच्या कौलासारखा होता. तो झाल्यावर वहिनींना जाऊ देणं म्हणजे आबांच्या शब्दावर विश्वास नाही असं त्यांच्या तोंडावर सांगणं झालं असतं. आमच्याकडं असं कुणी करत नाही. मीही केलं नाही. वहिनी स्टुलावर बसल्या. आबा मांडव बघायला गेले.

साडेचार वाजून गेले. मी हाका मारत होतो, त्या बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "तू सारखं तेच तेच करायलास. काय इचारायलास त्याला?"

मी सांगितलं. गल्ली, घर नंबर, हाका.

"मग मशीन सवतः कोणता नंबर सांगती?"

"हा काय, स्टिकरवर हाय."

"ते कागद सांगतोय. मशीन काय सांगती?"

मला त्यांचा थोडा रागच आला. पण उठून पॅनलवर बटणं दाबायचीही ताकद नव्हती म्हणून बसल्या जागेवरून म्हणालो, "त्या चौकटीत बघा, हे बटण, मग ते, मग खाली. आकडे येतील. वाचा."

वहिनींनी डाव्या हातानं पदर धरला आणि एका बोटानं बटणं दाबली. "एकशे ब्याण्णव. एकशे अडुसष्ट. अकरा. अकरा."

"वहिनी, नीट बघा. एक, शंभर, असं असंल."

"अकरा. अकरा."

"तुमी वरची ओळ वाचत असताल. खालची वाचा."

त्या माझ्याकडं वळल्या. मोळ्यांची गणितं घालताना वळायच्या तशा. "भाऊजी," म्हणाल्या, कुणी नसताना भाऊजी म्हणाल्या म्हणजे रागावल्या होत्या, "मला अकरा अन् शंभर कळतंय. उठा, अन् येऊन बघा."

मी उठून पाहिलं. अकरा, अकरा. मशीन दसऱ्यापासून दुसऱ्याच गल्लीत राहत होती. संगणकाचा तिसरा आकडा मी एकाचा अकरा केला, मशीनचा पत्ता म्हणून पॅनलवरचा नंबर टाकला, परत हाक मारली, आणि चारही हाकांना उत्तर आलं. लेझरचं डोकं सरकलं, पहिला तुकडा कापायला लागलं. वहिनी मशीनच्या काचेतून बघत राहिल्या. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. घड्याळाकडं पाहिलं. पाचला चार मिनिटं कमी होती.

आबा परत आले ते पेढे घेऊनच. मी नंबरचं सांगितलं तर मोठ्यानं हसले. "आरं, ते व्हय! खंडे नवमीला हत्यारांची पूजा केली, तवा तूच म्हणलतास ना, मशीनला बी नंबर असतोय म्हणून? मग तू सणाला घरी गेलतास. भाच्याला म्हणलं, टाक आपला नंबर. सगळ्या गाड्यांवर हाय, हिच्यावर कावून नको?" मग म्हणाले, "पर काढू नको बरं तो. पूजेत टाकलाय."

मी काढला नाही. आजही मशीनचा नंबर तोच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सत्काराच्या आधी, मी आणि वहिनी कॉलेजात गेलो. खिडकीतले बाबू वयस्कर आणि सभ्य होते. त्यांनी आम्हाला आत बोलावून बसवलं.

"आबांचा फोन आलता," ते म्हणाले. "मी व्हय म्हणलो. न्हाई म्हणायची माझी काय टाप? पण बाई, हे समदं आता कम्प्युटरवर हाय. काल त्याची मुदत संपली, आज पानच उघडंना. बघा." त्यांनी पडदा आमच्याकडं फिरवला. "त्याला आबा म्हाईत न्हाईत. काल तुमी पाचला पाच मिनिटं कमी असताना आला असता तरी मी भरला असता."

वहिनी म्हणाल्या, "बरं." एवढंच. फाईल हातात घेतली, कागद नीट केले, दोरी बांधली. तिथून मी सत्काराला गेलो. ताटात सन्मानचिन्हं घेऊन मी आबांच्या शेजारी उभा होतो, मुलं एकेक येऊन ती घेत होती, आणि मला फोटोतून बाहेर पडायला जागा नव्हती.

टोळीची गाडी निघाली त्या दिवशी मी सामान चढवायला गेलो. वहिनी वर बसल्या होत्या, भांड्यांच्या पोत्याला टेकून. मी तेच पोतं उगाच नीट करत राहिलो. त्याच म्हणाल्या, "तोंड पाडू नको. चूक माझी बी हाय. तू दहा मिनिटं म्हणलास तवाच मी निघायला पायजे हुतं. तू लहानपणी बी असंच म्हणायचास, अन् उत्तर चुकीचंच निघायचं." भावानं खालून हाक दिली, "उतर बे आता, का येतोस फडावर?" आणि गाडी हलली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी परीक्षा मंडळानं फॉर्मची मुदत वाढवली. त्या बाबूंनीच मला फोन करून कळवलं. तिकडं फडावर भावाचा फोन आठवड्यात कधीतरी चार्ज होतो, लागला तरी अर्धं वाक्य ऐकू येतं. म्हणून गावातला एक ट्रॅक्टरवाला तिकडं निघाला होता, त्याच्या हाती मी पत्र दिलं. ते असं:

वहिनी,

पाया पडतो. पत्र वाचून झाल्यावर भावालाही मोठ्यानं वाचून दाखवा, कारण त्यात त्याचंही काम आहे.

सतरा नंबरच्या फॉर्मची मुदत मंगळवारपर्यंत वाढली आहे. कॉलेजातल्या बाबूंनी सांगितलं आहे की तुम्ही स्वतः कागद घेऊन येऊन त्यांच्यासमोर सही केली पाहिजे. येत्या सोमवारी या, मंगळवार हाताशी राहील. मी आबांना सांगितलं आहे की रविवारपासून बुधवारपर्यंत मी कामावर नाही. विचारलं नाही, सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, तेही सांगितलं. ते म्हणाले, परत फोन करू का? मी म्हणालो, नको आबा, ह्या वेळी वहिनी जाऊन येतील. त्यांनी मोबाईल परत खिशात ठेवला. मग म्हणाले, बरं जा. मला वाटलं होतं तेवढं काही झालं नाही.

रविवारी संध्याकाळपर्यंत मी निळी फाईल घेऊन तिकडं तुमच्या कोपीवर पोचतो. तुम्ही रात्रीच्या गाडीनं निघा. तुम्ही गेल्यावर भावाचा कोयता अर्धा होईल आणि मुकादम ओरडेल, म्हणून ते दोन दिवस मी तुमच्या जागी राहीन. मला तोडणी जमणार नाही, हे मला माहीत आहे. उसाच्या शेंड्याचं वाढं कापीन, मोळ्या बांधीन, डोक्यावरून गाडीपर्यंत नेईन. भावाला म्हणावं हसायचं ते पहिल्या दिवशीच हसून घे.

कॉलेजात मी तुमच्याबरोबर असणार नाही. आधी मला वाटलं की मी असलं पाहिजे. मग त्या दिवसाचा विचार केला. मी नसतो तर तुमचा फॉर्म बाबू जेवायला जायच्या आतच भरला गेला असता. उशीर मी केला, आबांनी नाही. "बसा वहिनी" हे मीच म्हणालो होतो. त्या दिवशी मला सोडवलं तुम्ही, आणि तुम्हाला अडकवलं मी. हे मी तुमच्या तोंडावर बोलू शकलो नाही म्हणून लिहितो आहे.

खिडकी क्रमांक दोन. दहाला उघडते. साडेनऊलाच जाऊन उभ्या राहा. कुणी थांबा म्हणालं, बसा म्हणालं, फोन करतो म्हणालं, तरी खिडकी सोडू नका. पावती हातात आल्याशिवाय पायरी उतरू नका. पावतीवरचं नाव गुणपत्रिकेशी ताडून बघा. आकडे तपासा असं तुम्हाला सांगायची माझी लायकी नाही.

परीक्षेच्या वेळी हंगाम संपून पट्टा पडलेला नसेल, तेव्हा काय करायचं ते तेव्हा बघू. गरज पडली तर तेव्हाही मी येईन.

तुमचा,
चिवट